डोके कुणाला असते? : 'कापुट' या लॅटिन शब्दाविषयी

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे शेजारी-शेजारी असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. शरीररचनाशास्त्राने दोघांनाही 'कापुट', म्हणजे डोके, बहाल केले आहे. पण रेडियसचे डोके कोपरापाशी आहे आणि अल्नाचे मनगटापाशी. तळहात जमिनीकडे केला की मनगटाच्या मागच्या अंगाला, करंगळीच्या बाजूला, जो टणक उंचवटा वर येतो ते अल्नाचे डोके. रेडियसचे डोके हुडकायचे तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला, दंडाच्या हाडाचे टोक जिथे लागते त्याच्या किंचित खाली, अंगठा टेकवावा आणि हात उलटसुलट फिरवावा. कातडीखाली एक गोल कड फिरताना स्पष्ट जाणवते. एकाच हातातली, एकमेकांना समांतर असलेली ही दोन हाडे, आणि त्यांची डोकी विरुद्ध टोकांना. म्हणजे 'डोके' याचा अर्थ 'सर्वांत वरचा भाग' असा असू शकत नाही. मग तो काय आहे? या पुस्तकाचा सगळा प्रपंच या प्रश्नापासून सुरू होतो, आणि त्याचे उत्तर शोधत तो हाडांपासून बाळंतपणाच्या खोलीपर्यंत आणि तिथून न्यायालयापर्यंत जातो.

'कापुट' हा लॅटिन शब्द आजही रोजच्या वापरात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रसूतिगृहातले डॉक्टर तो 'कॅपुट' असा उच्चारतात आणि बाळाच्या डोक्यावरच्या सुजेला ते नाव देतात. हाडांचे डॉक्टर आणि स्नायूंचा अभ्यास करणारे विद्यार्थी त्याची वेगवेगळी रूपे पाठ करतात. मुले दंड आवळून जी बेटकुळी दाखवतात त्या स्नायूचे नाव बायसेप्स, म्हणजे दोन डोक्यांचा, हेही त्याच शब्दापासून आलेले. वकील 'पर कॅपिटा' वाटणीबद्दल बोलतात, अर्थतज्ज्ञ दरडोई उत्पन्नाबद्दल, आणि मृत्युदंडाला इंग्रजीत जे विशेषण लागते तेही याच घराण्यातले. हे सगळे प्रयोग एकाच मुळातून फुटले हे कुठल्याही शब्दकोशात सापडेल. तेवढेच सांगायचे असते तर या पुस्तकाची गरज नव्हती. माझे म्हणणे याहून पुढचे आहे. शरीरशास्त्र, वैद्यक आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत ज्याला 'डोके' म्हटले गेले ते स्वयंपूर्ण असे काही नव्हते. दुसऱ्या कशाशी तरी असलेल्या नात्यातली ती एक जागा होती. नाते तुटले की डोके राहत नाही, किंवा राहिले तरी जगत नाही. हाडाच्या बाबतीत हे निरुपद्रवी वाटते. माणसाच्या बाबतीत मात्र यातून फार गंभीर गोष्टी निघतात.

आधी हाडांकडेच पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात केल्ससने वैद्यकावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या भागात हाडांचे वर्णन येते. १५४३मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा महाग्रंथ निघाला. पुढच्या साडेतीनशे वर्षांत प्रत्येक देशाने, जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाने, आपापली नावे रूढ केली आणि एकेका अवयवाला अनेक नावे झाली. १८९५मध्ये बाझेल येथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी ही गर्दी निस्तरली. सुमारे ५०,००० नावांतून सुमारे ५,५०० नावे उरली. या छाटणीत कापुट टिकला, आणि १९९८च्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतही तो जागोजाग आहे. मांडीच्या हाडाचे डोके, दंडाच्या हाडाचे डोके, बरगडीचे, जबड्याचे, कानातल्या चिमुकल्या हातोडीचे डोके. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी जे उंचवटे दिसतात तीही तळहाताच्या हाडांची डोकी, आणि ती धडापासून लांबच्या टोकाला आहेत. यावर सहज सुचणारा आक्षेप असा की शरीरशास्त्रज्ञांनी फक्त आकार पाहिला. गोल टोक दिसले की त्याला डोके म्हटले, यात नात्याबित्याचा काही संबंध नाही. आकाराचा वाटा आहे हे मान्यच करायला हवे. पण आकार पुरेसा नाही. मांडीच्या हाडाला वरच्या बाजूस आणखी एक मोठा, दणकट, बाहेरून हाताला लागणारा उंचवटा आहे. त्याला कुणी डोके म्हटले नाही, कारण त्याला स्नायू येऊन चिकटतात, तो कुठल्या सांध्यात बसत नाही. हाडांच्या बाबतीत डोके ही पदवी सांध्यात बसणाऱ्या, दुसऱ्या हाडाशी व्यवहार करणाऱ्या टोकालाच मिळते. रेडियस मनगटापेक्षा कोपरापाशी गोल फिरतो, म्हणून त्याचे डोके तिथे. अल्नाचे गोल टोक मनगटापाशी रेडियसच्या खाचेत बसते, म्हणून त्याचे डोके तिथे. वर-खाली हा हिशेबच नाही.

हे नाते नुसते नामकरणापुरते नाही, ते रक्तामांसाचे आहे. म्हातारपणी घसरून पडल्यावर खुब्याचे हाड मोडते तेव्हा बहुधा मांडीच्या हाडाची मान मोडते. प्रौढ माणसात या डोक्याला मिळणारे रक्त मुख्यतः मानेला बिलगून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. खोबणीच्या बाजूने येणारी धमनी इतकी लहान असते की एकटी ती पुरी पडत नाही. म्हणून मान मोडून सरकली की डोके जागच्या जागी, खोबणीत नीट बसलेले असूनही, हळूहळू मरू लागते. एक्स-रेमध्ये ते शाबूत दिसते, पण काही महिन्यांनी ते ढासळते. वयस्कर रुग्णात शल्यविशारद अनेकदा ते काढून टाकून धातूचे डोके बसवतात, ते याच कारणाने. स्वादुपिंडाचेही तसेच. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, जणू कुशीत, बसलेले असते, आणि पित्तनलिका त्याच्या आतून किंवा मागून जाते. डोक्यात गाठ झाली तर पित्ताचा मार्ग अडतो, कावीळ होते आणि रोगी डॉक्टरकडे जातो. शेपटीत झालेली तशीच गाठ पुष्कळ काळ गप्प राहते. अवयव एकच, रोग एकच. फरक पडतो तो शेजाराने. शरीरात डोके म्हणजे काय हे शरीरच आपल्याला सांगते. जिथे संबंध सर्वांत दाट, तिथे दुखणेही सर्वांत आधी बोलते.

वैद्यकातल्या कापुटमध्ये हीच गोष्ट आणखी बारकाईने दिसते. बाळंतपणात बाळाचे डोके खाली सरकताना गर्भाशयाच्या तोंडाचा आणि जननमार्गाचा दाब त्यावर पडतो. दाबाच्या कड्याच्या आत जो भाग येतो तिथल्या कातडीखाली पाणी साठते आणि मऊ, पसरट सूज येते. याचे पूर्ण नाव 'कापुट सक्सिडेनियम'. ही सूज कवटीच्या सांध्यांच्या रेषा ओलांडून पसरते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. हाडाच्या आवरणाखाली रक्त साठून येणारी गाठ वेगळी असते: ती एकाच हाडापुरती राहते, जन्मानंतर काही तासांनी दिसू लागते आणि जिरायला आठवडे घेते. पण मला इथे दाखवायची आहे ती गोष्ट जन्माआधीची. कळा लांबलेल्या बाईची तपासणी करताना डॉक्टरच्या किंवा परिचारिकेच्या बोटांना सर्वांत आधी लागते ती ही सूज. ती जाड असेल तर डोके खरोखर जितके खाली आले आहे त्यापेक्षा अधिक खाली आल्यासारखे वाटते. हाड अजून वरच अडलेले असते, बोटांना लागणारे मात्र खाली असते. अशा वेळी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचा निर्णय घेतला तर तो बाळाच्या आणि आईच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच डोके आत किती उतरले आहे हे पोटावरून हात लावूनही तपासायला शिकवतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये दिलेल्या प्रसूती-नोंदतक्त्यातही बाळाच्या स्थितीबरोबर कापुटची वेगळी नोंद ठेवायला जागा आहे. वाढत जाणारा कापुट सांगतो की डोके आणि वाट यांचे जमत नाही. त्या सुजेचा अर्थ सुजेत नसतो. डोके आणि कटिभाग यांच्यातल्या मापात तो असतो, आणि जो ते माप विसरून नुसते बोटाला लागलेले डोके मोजतो तो चुकतो.

वैद्यकातला आणखी एक कापुट या मांडणीत बसत नाही, आणि तो ओढूनताणून बसवण्याची माझी इच्छा नाही. यकृत कठीण झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही. मग ते जन्मानंतर मिटलेल्या, बेंबीकडे जाणाऱ्या जुन्या शिरांतून मार्ग काढते, आणि बेंबीभोवती फुगलेल्या शिरांचे वेटोळे दिसू लागते. केसांऐवजी साप असलेल्या ग्रीक पुराणातल्या मेड्युसाच्या डोक्यावरून त्याला नाव पडले. इथे डोके म्हणजे केवळ दृश्य साम्य आहे. माझा दावा प्रत्येक प्रयोगाला लागू पडतो असे मी म्हणत नाही. जिथे या शब्दाने एखादा निर्णय घ्यावा लागतो, तिथे तो लागू पडतो असे माझे म्हणणे आहे. आणि असे निर्णय सर्वांत जास्त घेतले ते रोमन कायद्याने.

रोमन कायद्याचे एक सुबक पाठ्यपुस्तक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गायस नावाच्या पंडिताने लिहिले. ते हरवले होते. १८१६मध्ये नीबूर या जर्मन इतिहासकाराला व्हेरोना येथील ग्रंथालयात त्याची प्रत सापडली; संत जेरोमची पत्रे लिहिण्यासाठी मूळ अक्षरे खरवडून काढली होती आणि त्यांच्याखाली गायस दबला होता. या ग्रंथात आणि पुढे ५३३मध्ये सम्राट जस्टिनियनने सिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात 'कापितिस देमिनूतिओ', म्हणजे माणसाचा कापुट घटणे, याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्वांत मोठी घट म्हणजे स्वातंत्र्य आणि नागरिकत्व दोन्ही जाणे. माणूस गुलाम होणे. मधली घट म्हणजे स्वातंत्र्य राहून नागरिकत्व जाणे, जसे हद्दपारीत होते. सर्वांत लहान घट म्हणजे दोन्ही राहून कुटुंबातले स्थान बदलणे, जसे दत्तक गेल्यावर होते. या पद्धतीचा सर्वांत क्रूर निष्कर्ष गुलामाबद्दलचा आहे. गुलामाला मुक्त केले तर त्याचा कापुट घटत नाही, असे जस्टिनियनचे पुस्तक म्हणते, कारण त्याला मुळात कापुट नव्हताच. त्याच्या खांद्यावर डोके होते. ते दुखत होते, विचार करत होते, मालकाचा हिशेब ठेवत होते, मालकाच्या मुलांना शिकवतही होते. कायद्याच्या लेखी मात्र तो बिनडोक्याचा होता, कारण ज्या नात्यांच्या जाळ्यात डोके मोजले जाते त्यात त्याला जागा नव्हती.

यावर रोमन कायद्याचा जाणकार एक रास्त शंका काढेल. कापुट म्हणजे दर्जा असे सरळ का म्हणू नये? दर्जा खालावला की कापुट घटला, एवढेच. पण पुरावा याच्या आड येतो. रोमन बाप आपल्या मुलाला स्वतःच्या सत्तेतून मोकळे करू शकत असे. त्यासाठी मुलाची तीन वेळा लटकी विक्री करायची आणि शेवटी त्याला मुक्त करायचे, असा विधी होता. विधी पुरा झाल्यावर मुलगा स्वतःचा मुखत्यार होई, स्वतःच्या नावे मालमत्ता धरू शके. त्याचा दर्जा वाढला. तरीही गायस म्हणतो की त्याचा कापुट घटला, आणि विधीतल्या प्रत्येक विक्री-मुक्तीबरोबर घटला. दर्जाच्या हिशेबात हे कोडे सुटत नाही. जागेच्या हिशेबात सहज सुटते. मुलगा जुन्या घरातली जागा सोडतो, आणि जागा सोडणे हीच घट. नवी जागा चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न. म्हणून तर अशा घटीने बापाच्या बाजूचे कायदेशीर भाऊबंदकीचे नाते तुटे, पण रक्ताचे नाते तुटत नसे. गायसचे कारण मार्मिक आहे: कायद्याची बुद्धी कायद्याने दिलेले हक्क काढून घेऊ शकते, निसर्गाने दिलेले नाही. आणखी एक गोष्ट. स्वतंत्र कर्जदार माणूस दुसऱ्याच्या घरी दत्तक गेला की जुन्या कायद्याप्रमाणे त्याची कर्जे विझत, कारण ज्या कापुटाने ती घेतली तो आता नव्हता. सावकारांवरचा हा अन्याय दूर करण्यासाठी न्यायाधिकाऱ्याने उपाय काढला: दावा चालवताना कापुट घटलाच नाही असे धरून चालायचे. कल्पनेने काढून घेतलेले डोके कल्पनेनेच परत बसवले.

एवढे लक्षात घेतले की मृत्युदंडाचा जुना अर्थही उलगडतो. कापुटाचा खटला म्हणजे मुंडके उडवण्याचा खटला असे आपण धरून चालतो. जस्टिनियनच्या कायदासंग्रहात पौलुस या पंडिताचे स्पष्टीकरण वेगळे आहे: मृत्यू किंवा हद्दपारी यांपैकी कुठलीही शिक्षा असली तरी खटला कापुटाचाच, कारण दोन्हींत तो कापुट नागरिकांच्या मेळ्यातून वगळला जातो. त्या हद्दपारीचे रोमन नाव होते पाणी आणि अग्नी यांची मनाई. कुणी त्याला पाणी द्यायचे नाही, कुणी त्याची चूल पेटू द्यायची नाही. याच रोममध्ये ज्यांच्याकडे नोंदवण्याजोगी मालमत्ता नव्हती असे नागरिक 'डोक्याने मोजलेले' म्हणून नोंदले जात. इसवी सनपूर्व १०७मध्ये रोमन सेनापती मारियसने त्यांनाच सैन्यात भरती केले. आणि साम्राज्याच्या उत्तरकाळात करवसुलीसाठी कापुट हे मापच झाले. ३८६ सालच्या एका शाही आदेशावरून दिसते की काही शहरांत आधी एक पुरुष किंवा दोन स्त्रिया मिळून एक कापुट धरत, आणि आता दोन-तीन पुरुष किंवा चार स्त्रिया मिळून एक धरायचा होता. डोक्याची वाटणी चक्क अपूर्णांकांत झाली. जो शब्द माणसाच्या सर्वांत सजीव भागाचा होता तो खतावणीतला आकडा बनला, आणि त्या आकड्यात बाई पुरुषाच्या अर्धी ठरली. डोके म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी मोजणाऱ्याच्या हाती गेला की असे होते.

हा सगळा दूरदेशीचा आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास वाटत असेल, तर आपल्याकडच्या कायद्याची पाने चाळावीत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६च्या कलम १९मध्ये एकाहून अधिक वारस असतील तर वाटणी, वेगळी तरतूद नसल्यास, 'पर कॅपिटा' व्हावी असे आहे. आणि वेगळी तरतूद कलम १०मध्ये आहे: आधीच वारलेल्या मुलाच्या शाखेतले सगळे मिळून एक वाटा घेतात. म्हणजे कुठे डोई मोजायची आणि कुठे शाखा, हे कायदा ठरवतो. त्याच वर्षीचा दत्तकाचा कायदा सांगतो की दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराशी असलेले नाते तुटते आणि दत्तकघराशी जुळते. रोमन लहान घटीचे हे जवळचे भावंड. पण आपल्या कायद्याने दोन खुंट्या घट्ट ठोकल्या आहेत. दत्तकाआधी त्याच्या नावे आलेली मालमत्ता, तिच्यावरच्या जबाबदाऱ्यांसह, त्याचीच राहते. आणि जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होते ते निषिद्धच राहते. गोव्यात पोर्तुगीज वारशाच्या कायद्यातून आलेला 'कबेसा द कझाल' वाटणी होईपर्यंत इस्टेट सांभाळतो. कबेसा म्हणजे डोके, कापुटचाच पोर्तुगीज वंशज, आणि हा मान बहुधा हयात असलेल्या पती किंवा पत्नीकडे जातो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुखपद घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीला दिले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कर्ता म्हणजे पुरुष होता, तिथे एका कलमाने एका कामापुरते डोके बदलले. आणि ज्याला शरीरच नाही त्यालाही कायदा डोके देतो: देवस्थानातली मूर्ती स्वतःच्या नावे मालमत्ता धरू शकते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५मध्ये मान्य केले.

कायदा डोके देतो, तसे समाज ते काढून घेतो. पेशवाईतल्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. १८४३च्या पाचव्या अधिनियमाने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीवर जी टाच आणली तिची रीत पाहण्याजोगी आहे. त्याने मालकांना एकदम तुरुंगात घातले नाही. कुठलेही न्यायालय माणसावरचा मालकी हक्क मानणार नाही आणि गुलाम म्हणून कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, एवढेच सांगितले. शिक्षा पुढे १८६०च्या दंडसंहितेने आणली. म्हणजे पहिले पाऊल होते ते जागा देण्याचे. पाणी आणि अग्नी यांची रोमन मनाई वाचताना मराठी वाचकाला 'वाळीत टाकणे' आठवल्याशिवाय राहणार नाही. वाळीत टाकलेल्या घराशी रोटी-बेटी व्यवहार बंद, विहिरीवर बंदी, दुकानात सौदा नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. १९२७मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला त्याचा हेतू केवळ पाणी पिणे हा नव्हता, आपणही इतरांसारखीच माणसे आहोत हे प्रस्थापित करणे हा होता, हे डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. मुंबई प्रांताने १९४९मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला; सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये, धार्मिक संप्रदायाच्या स्वायत्ततेच्या कारणाने, तो बहुमताने रद्द ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा अधिनियम केला. तो जुलै २०१७पासून लागू आहे आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतो. बहिष्कार हा गुन्हा आहे, असे त्याने राज्यातल्या जातपंचायतींना सरळ सांगितले.

आता दोन मोठे आक्षेप. पहिला भाषाशास्त्राचा: एक शब्द तीन शास्त्रांत गेला म्हणून तिन्हींत एक विचार आहे असे कसे म्हणता येईल? शब्द भटकतात, अर्थ बदलतात, आणि व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान काढणे ही जुनी फसगत आहे. हे सावधपण योग्य आहे, आणि माझा युक्तिवाद व्युत्पत्तीवर उभा असता तर तो पडलाच असता. तो उभा आहे तो प्रत्यक्ष वापरावर: सांध्यात न बसणाऱ्या उंचवट्याला डोके न म्हणणे, मानेचा रक्तपुरवठा तुटल्यावर डोके मरणे, सुजेवरून डोक्याची जागा चुकणे, आणि दर्जा वाढूनही कापुट घटणे. यांतली कुठलीच गोष्ट 'कापुट'ऐवजी दुसरा शब्द असता तर बदलली नसती. शब्दाने फक्त त्या एका ठिकाणी आणून ठेवल्या. दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि अधिक वजनदार आहे. माणसाचे माणूसपण म्हणजे इतरांनी दिलेली जागा असे म्हटले तर ज्यांनी दिली ते ती परत घेऊ शकतात. गुलामाचा मालक नेमके हेच म्हणत होता. तर मग मी त्याचीच बाजू घेतो आहे का? नाही, कारण वस्तुस्थितीचे वर्णन करणे म्हणजे तिला मान्यता देणे नव्हे. माणसाची जागा इतरांच्या हातात असते हे खरे आहे, म्हणून तर ती कुणाच्याही लहरीवर सोडता येत नाही. आधुनिक कायद्याचे सर्वांत मोठे काम हेच आहे की त्याने कायद्यातले डोके खांद्यावरच्या डोक्याशी बांधून टाकले. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे सहावे कलम प्रत्येकाला सर्वत्र कायद्यापुढे व्यक्ती म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क देते. भारतीय संविधानाच्या २१व्या अनुच्छेदात नागरिक हा शब्द नाही, व्यक्ती आहे. परदेशी माणूसही त्यात येतो. जस्टिनियनच्या पुस्तकातल्या त्या वाक्याला दिलेले हे उत्तर आहे: ज्याला शरीर आहे त्याला कापुट आहेच, तो मिळवावा लागत नाही आणि घालवताही येत नाही.

पण ही गाठ शेवटच्या टोकाला पुन्हा सैल होते, आणि तिथे वैद्यक व कायदा एकमेकांच्या समोर येतात. १९६८मध्ये हार्वर्डच्या समितीने आणि १९७६मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेने मेंदू निकामी झाल्याचे निकष मांडले. भारताने १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात मस्तिष्कस्तंभ-मृत्यूची कल्पना घेतली, आणि हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी असा नियम आहे. मस्तिष्कस्तंभ हा मेंदूला बाकी शरीराशी जोडणारा भाग; जागृती टिकवणारे आणि श्वास चालवणारे केंद्र तिथे आहे. ते कायमचे थांबले की छातीत हृदय धडधडत असले तरी माणूस गेला असे डॉक्टर म्हणतात. पण नातेवाइकांना अंग गरम लागते, यंत्रावर छाती वर-खाली होताना दिसते, आणि त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या शंकेला कायद्याने पूर्ण उत्तर दिलेले नाही. ही व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा मात्र जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे एवढेच म्हणतो. परिणामी अवयवदान होणार असेल तर माणूस एका व्याख्येने मृत, आणि होणार नसेल तर त्याच अवस्थेत यंत्रावर ठेवलेला. मृत्यू हा दानाच्या संमतीवर अवलंबून असावा हे कुठल्याही कुटुंबाला पटणारे नाही, आणि डॉक्टरांनाही ते अडचणीत टाकते. मृत्यूची एकच व्याख्या सर्व कामांसाठी असावी, असे मला ठामपणे वाटते. जन्मलेल्या प्रत्येकाचा कापुट कायदा बिनशर्त मानत असेल, तर तो कधी संपतो हेही त्याने बिनशर्त सांगितले पाहिजे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे: आधी हाडे आणि अवयव, मग प्रसूतिगृह, मग रोमन कायदा, नंतर भारतातले वारसा, दत्तक आणि बहिष्काराचे कायदे, आणि शेवटी मृत्यूची व्याख्या. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने कायद्याची प्रकरणे गाळू नयेत आणि वकिलाने हाडांची, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डॉक्टर रोज जन्म आणि मृत्यूच्या दाखल्यावर सही करतो. त्या सहीने माणूस कायद्याच्या जगात येतो किंवा तिथून जातो. वकील आणि न्यायाधीश रोज ठरवतात की कुणाचा वाटा, कुणाचा ताबा, कुणाची संमती मोजायची. त्या मोजणीखाली कुणाचे तरी शरीर असते. आणि या दोहोंपैकी काहीच नसलेल्या वाचकाला मी एवढेच सांगेन की कुणाला पंगतीत, पाणवठ्यावर, मसणात किंवा ग्रामसभेत जागा द्यायची हे ठरवताना आपणही कापुटाचाच निवाडा करत असतो. तो निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मान्य करणे म्हणजेच कायद्याचे राज्य मान्य करणे.